एका घरात इतकी दुखणी, मग कारण एकच असेल का?

पत्र :

नमस्कार डॉक्टर मॅडम,

आमचं सात माणसांचं एकत्र कुटुंब. घर मळ्यात आहे, द्राक्षबाग आहे. सासऱ्यांना बीपी आहे आणि महिन्याभरापासून खोकला जात नाही. तंबाखूची सवय जुनी. सासूबाई अंगाने काटकुळ्या, तरी शुगर निघाली. गुडघे तर कायमचेच दुखतात. मिस्टरांना पित्ताचा त्रास, छातीत सारखं जळजळतं. त्यांची पाठ धरते म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळी जवळजवळ रोज घेतात. जावेला थायरॉईड. माझा मुलगा सहा वर्षांचा, त्याचं नाक कधी कोरडं नसतं. मला हल्ली जिना चढताना दम लागतो, पण ते कामाचं असेल.

नणंद म्हणते, घराला वास्तुदोष आहे. व्हॉट्सॲपवर आलं होतं की सगळे रोग पोटातून सुरू होतात. सासूबाई तोंडावर बोलत नाहीत, पण शेजारी सांगतात की सून स्वयंपाक करायला लागल्यापासून घराला दुखणी लागली. मॅडम, या सगळ्याचं मूळ कारण एकच असतं का? आणि ते माझ्या हातात होतं का?

– एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर :

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुमच्या हातात नव्हतं. सासूबाईंची शुगर, जावेचं थायरॉईड, मुलाचं नाक, यांतलं काहीही तुमच्या फोडणीतून आलेलं नाही. स्वयंपाकघराचा संबंध एका ठिकाणी येतो, तो मी लपवणार नाही. पण तिथेही दोष एकट्या तुमचा नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तरही नाहीच, फक्त ते जरा सविस्तर द्यायला हवं. एका छपराखाली राहणाऱ्या माणसांची दुखणी आपण एका यादीत लिहितो आणि मग यादीला एक शीर्षक शोधायला लागतो. वास्तू, पोट, टेन्शन, सून. प्रत्यक्षात तुमच्या यादीतल्या प्रत्येक दुखण्याचा रस्ता वेगळा आहे. काही रस्ते मध्येच एकमेकांना मिळतात, आणि लक्ष तिथे द्यायला हवं.

सासऱ्यांचा खोकला सगळ्यात आधी. महिनाभराचा खोकला घरात ठेवून पत्र लिहायला बसलात, याबद्दल थोडी रागावते. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की टीबीसाठी, म्हणजे क्षयासाठी, बेडका तपासायचा, हा नियम आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट होते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जगापुढे मांडला, त्यामुळे 'टीबी कशाने होतो' याचं उत्तर आपल्याला शंभराहून जास्त वर्षं ठाऊक आहे. तरी ते उत्तर अर्धंच आहे. जंतू शरीरात शिरलेल्या शंभर माणसांतल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधी तरी आजार होतो. बाकीच्यांत तो राखेखालच्या निखाऱ्यासारखा पडून राहतो. तो कोणात पेटतो? ज्याचं पोट नीट भरत नाही, जो तंबाखू-दारू घेतो, ज्याला एचआयव्ही आहे, ज्याला मधुमेह आहे. मधुमेहात हा धोका दोन-तीन पट होतो. आता तुमच्या घराकडे बघा. सासरे खोकतायत आणि त्याच खोलीत शुगर असलेल्या सासूबाई झोपतायत. मला काळजी वाटते ती या जोडीची.

खोकला टीबीचाच असेल असं मी म्हणत नाही. बीपीच्या गोळ्यांत एक गट असा आहे, रॅमिप्रिल, एनालाप्रिल वगैरे, की काही माणसांना त्याने कोरडा, घशात खवखवणारा खोकला लागतो. गोळी बदलली की काही आठवड्यांत तो जातो. म्हणून दवाखान्यात जाताना बीपीच्या गोळीची पट्टी बरोबर न्या. पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि तोंड उघडून दाखवायला सांगा. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, न भरणारी जखम असेल, तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर ते कर्करोगाच्या आधीचं किंवा कर्करोगाचंही लक्षण असू शकतं. 'मी तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो' म्हणणारे पुष्कळ भेटतात. नुसती सुपारीसुद्धा कर्करोग करते, हे सिद्ध झालेलं आहे.

आता बीपी. शंभरातल्या नव्वदहून अधिक रुग्णांत वाढलेल्या रक्तदाबाचं एक असं कारण सापडत नाही. आनुवंशिकता, वय, वजन, तंबाखू, दारू, बैठं काम आणि मीठ, सगळ्यांचा थोडा थोडा वाटा असतो. तुमच्या स्वयंपाकघराचा संबंध येतो तो इथे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चमचा. आपण भारतीय त्याच्या दीडपट-दुप्पट सहज खातो. चमचे मोजत बसू नका. महिन्याचा हिशेब करा. सात माणसांना महिन्याला साधारण एक किलो मीठ पुरायला हवं, आणि त्यात लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, फरसाण, ठेचा, ताटात वरून घेतलेलं मीठ, सगळं धरायचं. किराणा भरताना मिठाच्या किती पिशव्या येतात ते आठवा. भाजीच्या मिठाबरोबर ताटाच्या डाव्या बाजूचं मीठही पुष्कळ निघतं. लोणच्याची बरणी तुम्ही एकट्याने रिकामी करत नसणार, म्हणून म्हटलं की दोष एकट्या तुमचा नाही.

सासूबाई काटकुळ्या असून शुगर कशी, याचं उत्तर तुमच्यापासून फार लांब नाही, पुण्यात शोधलं गेलं. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बायांचा आणि त्यांच्या बाळांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं हलकी होती, पण ती हलकी स्नायूंत होती, चरबी मात्र त्यांनी राखून ठेवलेली. हीच शरीरठेवण पुढे मोठेपणी दिसते. हात-पाय बारीक, आणि चरबी पोटात, यकृताभोवती. याज्ञिकांनी आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन यूडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघे सारखेच निरोगी दिसले असते.

म्हणजे सासूबाईंच्या शुगरची एक बाजू त्या त्यांच्या आईच्या पोटात असताना, त्या माउलीला काय खायला मिळालं तिथपर्यंत जाते. पुढे वय, आनुवंशिकता, भात-भाकरीचं मोठं आणि डाळ-भाजीचं छोटं ताट, कमी झालेली चाल. गोड खाल्लं म्हणून शुगर झाली, इतकं ते सरळ नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक लोक आहेत. तेवढ्या सगळ्यांच्या सुना वाईट स्वयंपाक करतात, असं काही म्हणता यायचं नाही. एक मात्र करा. सासूबाईंना शुगर आहे म्हणजे मिस्टरांना आणि दिरांना धोका आहे. दोघांची उपाशीपोटी शुगर तपासून घ्या, काही त्रास नसला तरी.

त्यांच्या गुडघ्यांचं थोडक्यात सांगते. वजन कमी आहे, म्हणजे तो भाग नाही. वय, पाळी गेल्यानंतरची हाडा-सांध्यांची झीज, आणि वर्षानुवर्षं उकिडवं बसून केलेली कामं. सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, परत येत नाही, पण मांडीच्या पुढच्या स्नायूंना जोर आला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, थोडा वेळ धरायचा, खाली ठेवायचा. भाजी निवडायलासुद्धा खुर्चीच द्या.

मिस्टरांचं 'पित्त' मला जरा उलगडायचं आहे, कारण या एका शब्दात आपल्याकडे तीन-चार वेगळी दुखणी कोंबलेली असतात. छातीत जळजळ, आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येणं, हे जठरातलं आम्ल उलट अन्ननलिकेत चढल्याने होतं. रात्री साडेदहाला जेवून अकराला झोपणं, सुटलेलं पोट, तंबाखू, यांनी ते वाढतं. पोटाच्या वरच्या भागात, बरगड्यांच्या मधोमध कुरतडल्यासारखं दुखत असेल तर तो अल्सर असू शकतो. अल्सर म्हणजे टेन्शन आणि तिखट, अशी समजूत डॉक्टरांचीही होती. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ च्या सुमारास अल्सरच्या रुग्णांच्या जठरात वळणदार जंतू दाखवला, हेलिकोबॅक्टर पायलोरी. कोणी मानेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शलनी त्या जंतूंचं पाणीच पिऊन दाखवलं आणि जठराला सूज आणवून घेतली. (हे घरी करून बघण्यासारखं नाही.) २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आपल्या देशात हा जंतू निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटात असतो, बहुतेकदा लहानपणापासून, आणि बहुतेकांना काही करत नाही.

मग अल्सर कोणाला होतो? त्याचं दुसरं मोठं कारण मिस्टरांच्या खिशात आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या शरीरातलं जे रसायन दाबतात, तेच जठराच्या अस्तराचं रक्षणही करत असतं. पाठ थांबते आणि अस्तर उघडं पडतं. म्हणजे गोळीने पाठीचं दुखणं पोटात नेलं. तिथून पुढे ते मूत्रपिंडातही जातं आणि रक्तदाबही वाढवतं. ज्याच्या वडिलांना बीपी आणि आईला शुगर आहे, त्याने रोज अशी गोळी घेणं मला अजिबात पसंत नाही. शौच डांबरासारखं काळं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, आतून रक्त जात असतं. आणि जळजळ चालताना, जिना चढताना वाढत असेल, घाम सुटत असेल, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जात असेल, तर ते पित्त समजून सोडा पिऊन बसू नका. ईसीजी काढा. 'ॲसिडिटीच वाटली होती' हे वाक्य हृदयविकाराच्या फार केस पेपरांवर असतं.

मुलाचं नाक. साध्या सर्दीचे विषाणू दोनशेच्या वर आहेत आणि शाळेत जाणारं मूल त्यांना एकेक करून भेटत असतं. वर्षाला सहा ते आठ सर्द्या या वयात नेहमीच्याच. प्रत्येक सर्दी आठ-दहा दिवस चालते, त्यामुळे आईला वाटतं एकच सर्दी वर्षभर आहे. दही, केळं, आइस्क्रीम यांचा दोष नाही. अँटिबायोटिकचा उपयोग नाही, कारण विषाणूंवर ते चालतच नाही. रात्री खोकून उठत असेल, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, खेळताना धाप लागत असेल, तर मात्र दम्याच्या दृष्टीने दाखवा. जावेच्या थायरॉईडबद्दल एवढंच सांगते की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटणं, हे आज त्याचं सगळ्यात जास्त दिसणारं कारण आहे. बायकांत ते पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं. तिने कोबी खाल्ला म्हणून झालेलं नाही. गोळी सकाळी उपाशीपोटी, आणि चहा अर्ध्या-पाऊण तासाने.

व्हॉट्सॲपवरचं 'सगळे रोग पोटातून' हे खोटं आहे. पण त्याच्या आसपास एक खरी गोष्ट आहे, ती सांगण्याचा मोह आवरत नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोमची) साथ आली, दोनशेच्या वर संशयित रुग्ण झाले. माणसांच्या पायांतली ताकद जायला लागली, काहींना व्हेंटिलेटर लागला. आजार नसांचा, पण बऱ्याच जणांना त्याआधी जुलाब झाले होते. तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा पोटातला जंतू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. होतं असं की या जंतूचं बाहेरचं आवरण आपल्या नसांवरच्या काही घटकांशी जुळतं. प्रतिकारशक्ती जंतूवर तुटून पडते आणि तसंच दिसणाऱ्या नसेलाही झोडपते. दुखणं एका जागी आणि त्याचं कारण भलतीकडेच, असं शरीरात खूपदा होतं. म्हणून जिथे दुखतं तिथेच कारण शोधू नये. पण म्हणून प्रत्येक वेळी पोटाकडेही बोट दाखवू नये.

नणंदेच्या वास्तुदोषाला मी सरसकट हसणार नाही. घर माणसाला आजारी पाडतं, फक्त दिशेने नाही. आंघोळीचं पाणी चुलीवर तापतं का? चुलीचा धूर वर्षानुवर्षं घेणाऱ्या बायकांना, कधी विडी न ओढताही, विडी ओढणाऱ्यांसारखा फुप्फुसाचा आजार होतो. पुण्याच्या डॉ. संदीप साळवींनी हा विषय जगापुढे लावून धरला. रात्री खिडक्या लावून कासवछाप पद्धतीची कॉइल जळते का? एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असं मोजमाप झालेलं आहे. मुलाच्या नाकाबद्दल विचारत होतात ना, तिथून सुरुवात करा, मच्छरदाणी लावा. आणि मळ्यातल्या घरी पाण्याची पिंपं असणारच. डेंगीचा डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्याचा उडणारा डास होतो. आठवड्यातून एकदा पिंप नुसतं रिकामं करून भागत नाही, आतून घासावं लागतं, कारण अंडी कडेला चिकटून कोरडी असतानाही महिनोन्‌महिने टिकतात. वास्तुशांतीपेक्षा हे स्वस्त पडेल.

आता तुम्ही. अख्ख्या पत्रात स्वतःसाठी एक वाक्य, आणि त्यालाही शेपूट 'ते कामाचं असेल'. जिना चढताना दम लागणाऱ्या बाईचं पहिलं काम हिमोग्लोबिन तपासणं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी सापडलं, ५४ टक्के. एवढ्या बायकांना 'कामाचं' कसं असेल?

हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल तर नुसती लाल गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरवर समाधान मानू नका. का कमी झालं, हे विचारा. पाळी किती दिवस चालते, गाठी पडतात का, पॅड किती वेळा बदलावा लागतो, हे सांगा. न लाजता सांगा. गर्भाशयात गाठी असतात, थायरॉईड कमी असतं, दोन्हींत पाळीला जास्त जातं. तुमच्या घरी जावेला थायरॉईड आहे म्हणून तुम्हाला होणार असं नाही, तुमचं तिचं रक्ताचं नातं नाही. पण तपासायला हरकत नाही. बागेत अनवाणी फिरता का? ओल्या मातीतून पायाच्या कातडीवाटे आत शिरणारा आकडी कृमी आतड्याला लटकून रोज थोडं थोडं रक्त पितो. शाकाहारी असाल तर बी-१२ कमी असण्याची शक्यता मोठी, आणि ते लोहाच्या गोळीने भरून निघत नाही. गोळ्या नीट घेऊनही रक्त वाढलं नाही, तर थॅलेसेमिया मायनर या रक्ताच्या आनुवंशिक दोषाची तपासणी मागा.

आणि तुम्ही जेवता कधी? सगळ्यांची पानं झाल्यावर, उरलेल्या भाजीवर, आणि वर लगेच चहा? चहा पालेभाजीतलं, भाकरीतलं लोह आतड्यात नीट शोषू देत नाही. जेवण आणि चहा यांत तास-दीड तासाचं अंतर ठेवा, पानावर लिंबू पिळा, आवळा खा, भाजी लोखंडी कढईत करा. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं, ही समजूत सोडा, त्याचा रंग लोहाचा नाही. लोहाच्या गोळीने शौच काळपट होतं, त्याला घाबरू नका. हिमोग्लोबिन वर आलं तरी गोळी आणखी तीन महिने चालू ठेवावी लागते, कारण शरीरातला साठा भरायचा असतो. चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर ती घेऊ नका.

तपासणीला जालच, तर एक आणखी विचारून या. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. आपल्याच धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांना घेऊन झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभरातले डॉक्टर त्या अभ्यासाचा दाखला देतात. त्याच महाराष्ट्रातल्या बायका ही तपासणी करत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

क्रम असा ठेवा. सोमवारी सासऱ्यांना घेऊन आरोग्य केंद्रात जा, बेडका आणि तोंड दोन्ही दाखवा. त्याच फेरीत तुमचा स्वतःचा केस पेपर काढा आणि हिमोग्लोबिन करून घ्या, 'नंतर बघू' करू नका. मिस्टरांची गोळी त्याच दिवशी थांबवा, पाठीसाठी दुसरा उपाय डॉक्टरांना विचारा. सासूबाईंना बरोबर न्या. सासऱ्यांच्या खोकल्यामुळे त्यांनाही तपासावं लागेल, हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकू द्या. आणि शुगर सून येण्याआधीपासून अंगात मुरत असते, हेही तिथेच त्यांच्यासमोर डॉक्टरांना विचारा. तुमचा हिमोग्लोबिनचा आकडा, आणि त्याखाली एमसीव्ही म्हणून लिहिलेला आकडा, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा सरासरी आकार, मला कळवा. त्यावरून लोह कमी आहे की बी-१२, याचा अंदाज मी पुढच्या उत्तरात देईन.